60 वर्षे टिकलेले छत नूतनीकरणानंतर चार महिन्यांत कसे पडते?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी नेमके कशाचे उत्तर देत आहे ते स्पष्ट राहील. सर्बियातील नोवी साद या शहराच्या रेल्वे स्थानकाचे दर्शनी काँक्रीट छत 1 नोव्हेंबर 2024 रोजी कोसळले. जे छत 1964 पासून उभे होते ते, नूतनीकरण संपवून इमारत पुन्हा खुली केल्याला चार महिनेही पुरे झाले नसताना, कसे पडले, असे तुम्ही विचारता. पुढे तुम्ही लिहिता की तुमच्या तालुक्याच्या एसटी स्थानकासमोर साधारण त्याच काळातले, खांबांविना पुढे आलेले छत आहे, त्याला अलीकडेच नवे क्लॅडिंग (बाहेरून बसवलेले शोभेचे आवरण), रंग आणि मोठा नामफलक लागला आहे, तर त्याखाली उभे राहावे की नाही. आणि पुढच्या कडेला दोन खांब उभारले तर काम भागेल का.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे आणि माझ्या कामाचा बराचसा भाग जुन्या इमारतींची तपासणी आणि मजबुतीकरण हाच राहिला आहे. नोवी सादचे स्थानक मी पाहिलेले नाही, त्यामुळे तिथल्या कोणत्या अधिकाऱ्याचा किंवा कंत्राटदाराचा दोष किती, यावर मी मत देणार नाही. तुमचे स्थानकही मी पाहिलेले नाही, त्यामुळे ते सुरक्षित आहे किंवा नाही असा निवाडा इथून देणे बेजबाबदारपणाचे ठरेल. परंतु अशा प्रकारचे छत कोणत्या तत्त्वावर उभे असते, ते कसे कमजोर होते आणि नूतनीकरणाच्या काळात ते अधिक धोक्यात का येते, हे मला माझ्या कामातून ठाऊक आहे, आणि तुमच्या तिन्ही प्रश्नांचे मूळ तिथेच आहे.

प्रथम नोवी सादमधील घटनेविषयी जे नक्की माहीत आहे ते सांगतो. सकाळी 11 वाजून 52 मिनिटांनी स्थानकाच्या प्रवेशद्वारावरचे छत, खाली लोक बसलेले आणि ये-जा करत असताना, सपाट खाली आले. 14 जण त्याच दिवशी मृत्युमुखी पडले, त्यांत लहान मुलेही होती. गंभीर जखमींपैकी दोघे पुढे रुग्णालयात दगावले आणि मृतांची संख्या 16 झाली. बेलग्रेड ते बुडापेस्ट या वेगवान रेल्वेमार्गाच्या कामाचा भाग म्हणून या स्थानकाचे नूतनीकरण झाले होते. ते काम चिनी कंपन्यांच्या संघाकडे होते, मार्च 2022 मध्ये इमारत एकदा खुली करण्यात आली, मग पुन्हा काम सुरू झाले आणि जुलै 2024 मध्ये ती परत प्रवाशांच्या वापरात आली. दुर्घटनेनंतर लगेच रेल्वेकडून असे सांगण्यात आले की हे छत नूतनीकरणाच्या कामात समाविष्टच नव्हते. या प्रकल्पावर काही काळ काम केलेल्या एका अभियंत्याने मात्र जाहीरपणे सांगितले की काच आणि पोलाद धरून सुमारे 23 टन नवा भार त्या छतावर आला होता. बांधकाम मंत्री गोरान वेसिच यांनी काही दिवसांतच राजीनामा दिला, वर्षाअखेरीस 13 जणांवर आरोपपत्र ठेवण्यात आले आणि जानेवारी 2025 च्या अखेरीस पंतप्रधान मिलोश वुचेविच यांनाही पद सोडावे लागले. देशभर रस्त्यावर आलेल्या विद्यार्थ्यांची पहिली मागणी स्थानकाच्या नूतनीकरणाची सर्व कागदपत्रे प्रसिद्ध करा अशी होती, आणि अभियंता म्हणून मला ती अगदी योग्य मागणी वाटते, कारण छत कामात होते की नव्हते, हे भाषणांतून कळत नाही, ते नकाशांतून, बिलांतून आणि भारगणितातून कळते.

आता त्या विधानाकडेच पाहू, कारण माझ्या मते सगळा प्रश्न तिथे एकवटला आहे. छत नूतनीकरणात नव्हते असे म्हणणे म्हणजे निर्दोषत्वाचा पुरावा देणे असे अनेकांना वाटते. माझ्या दृष्टीने हे विधान खरे मानले तरी तो आरोपच ठरतो. सार्वजनिक वाहतुकीच्या 60 वर्षे जुन्या इमारतीचे सर्वांगीण नूतनीकरण चालू असताना प्रवाशांच्या थेट डोक्यावर लोंबणारा शेकडो टनांचा काँक्रीटचा भाग तपासणीच्या यादीतच नसेल, तर यादी करणाऱ्याला इमारतीचे कोणते अंग सर्वांत नाजूक आहे हे समजलेले नाही. आणि त्यावर काही चढवले असेल, तर तो भाग कामात होताच, कागदावर त्याचे नाव असो वा नसो.

असे छत सर्वांत नाजूक का, हे समजण्यासाठी भार कुठून कुठे जातो ते पाहावे लागते. खोलीवरचा साधा स्लॅब चारही बाजूंनी भिंतींवर किंवा बीमवर टेकलेला असतो. एका बाजूला तडा गेला तर भार थोडाफार दुसरीकडे वळतो, स्लॅब खाली वाकतो, प्लास्टर पडते, लोक घाबरून बाहेर येतात आणि बहुतेक वेळा जीव वाचतात. पुढे झेपावलेल्या छताला असा दुसरा मार्ग नसतो. ते एकतर मागच्या बीममधून निघालेल्या वरच्या सळयांच्या जोरावर तरंगत असते, ज्याला आपण कॅन्टिलिव्हर म्हणतो, किंवा इमारतीच्या वरच्या भागातून खाली आलेल्या तिरक्या टायांनी, म्हणजे ओढून धरणाऱ्या दांड्यांनी, लटकवलेले असते. नोवी सादचे छत दुसऱ्या प्रकारचे होते. टाय जितका आडवा तितका त्यावरचा ताण अधिक: क्षितिजाशी 30 अंशांत असलेल्या टायने एक टन वजन उचलून धरायचे असेल तर त्याला स्वतः दोन टनांचा ताण सोसावा लागतो. त्या ताणाचा सगळा भरवसा टायच्या दोन टोकांवर असतो, जिथे तो काँक्रीटमध्ये रुतवलेला किंवा प्लेट लावून अडकवलेला असतो. एका टायचे टोक सुटले की त्याचा भार शेजारच्या टायवर जातो; तोही आधीच थकलेला असेल तर तो सुटतो, आणि सगळी ओळ काही क्षणांत उसवत जाते. म्हणून अशी छते अर्धवट पडत नाहीत.

दुसरी गोष्ट या छतांच्या बाबतीत फार कमी लोकांच्या ध्यानात येते. कॅन्टिलिव्हरमध्ये ताण वरच्या बाजूला असतो, त्यामुळे मुख्य सळई वर असते आणि मुळाशी पडणारी चीरही वरच्या बाजूलाच पडते. खाली उभ्या असलेल्या प्रवाशाला, किंवा खालून मान वर करून पाहणाऱ्या तपासनिसाला, ती चीर दिसूच शकत नाही. तिच्यावर वॉटरप्रूफिंगचा थर असतो, आणि पावसाचे पाणी त्याच मुळाशी, भिंत आणि छत यांच्या सांध्यात साचते. म्हणजे जिथे सर्वाधिक ताण, तिथेच सर्वाधिक ओल, आणि तेच ठिकाण नजरेआड. टायांनी लटकवलेल्या छतातही हेच घडते: ओल अँकरच्या, म्हणजे टाय जिथे काँक्रीटला अडकवलेला असतो त्या टोकाच्या, खोबणीत शिरते आणि गंज आतून सुरू होतो, बाहेरून मात्र रंग ताजा दिसतो.

एका सार्वजनिक इमारतीचे असेच छत तपासताना खालून सगळे स्वच्छ, नुकतेच रंगवलेले होते. टायभोवतीच्या काँक्रीटच्या वेष्टनावर हातोडीने टकटक केल्यावर मुळाशी आवाज पोकळ आला, म्हणून आम्ही तेवढाच भाग फोडला. आत सळईचे पापुद्रे हाताने निघत होते. मालक संस्थेच्या अधिकाऱ्यांनी तोवर आम्हांला विचारले होते की चांगले दिसणारे काम का फोडता. सळई पाहिल्यावर त्यांनी त्याच दुपारी छताखालची जागा दोर लावून बंद केली. हे मी इथे सांगतो आहे ते एवढ्यासाठी की डोळ्यांनी पाहून दिलेला अहवाल आणि फोडून पाहून दिलेला अहवाल यांत अशा छतांच्या बाबतीत केवढे अंतर पडते हे तुमच्या लक्षात यावे.

आता भाराचे गणित करू, कारण 60 वर्षे टिकले मग आताच का, याचे उत्तर गणितातच आहे. समजा एक छत तीन मीटर पुढे आले आहे आणि त्याची सरासरी जाडी 120 मिलिमीटर आहे. सळईसह काँक्रीट घनमीटरला अडीच टन भरते, म्हणून त्याचे स्वतःचे वजन चौरस मीटरला 300 किलो. प्लास्टर आणि वरचा पातळ थर यांचे 50 किलो धरू, आणि ज्या छतावर कोणी चढत नाही त्यासाठी भारतीय मानक सांगते तो 75 किलो वापराचा भार धरू. मूळ अभियंत्याने 425 किलोंसाठी आराखडा केला. पुढे छत गळू लागले म्हणून कोणीतरी विटांच्या तुकड्यांचा 100 मिलिमीटरचा कोबा घातला, 200 किलो वाढले. काही वर्षांनी पुन्हा गळाले, जुना कोबा न काढता त्यावर 50 मिलिमीटरचा सिमेंटचा थर आला, आणखी 110 किलो. खाली फॉल्स सीलिंग किंवा क्लॅडिंगचे 25 किलो. आता एक माणूस किंवा एक थेंब पाणी वर नसतानाही भार 685 किलो झाला, म्हणजे मूळ हिशेबाच्या 1.6 पट. पुढच्या कडेला नामफलक लागला असेल तर तो वेगळा मोजावा लागतो, कारण कॅन्टिलिव्हरच्या टोकावर ठेवलेला एक किलो, मुळाशी येणाऱ्या वाकवणाऱ्या जोराच्या दृष्टीने, सगळीकडे पसरलेल्या दोन किलोंइतका ठरतो. पाण्याचा निचरा तुंबून दहा सेंटिमीटर पाणी साचले तर चौरस मीटरला आणखी 100 किलो.

त्या काळच्या पद्धतीने आराखडा केलेल्या साध्या पोलादी सळईत ताकदीची राखीव पुंजी साधारण 1.8 पट असे. म्हणून 1.6 पट भार येऊनही छत उभे राहते, आणि ते उभे आहे हे पाहून सगळे निश्चिंत होतात. दरम्यान गंज त्या पुंजीतून काढत असतो. 12 मिलिमीटरची सळई गंजून 10 मिलिमीटरची झाली तर ती किंचितच बारीक दिसते, पण तिचे क्षेत्रफळ 30 टक्क्यांनी घटलेले असते. 1.8 मधून 30 टक्के गेले की 1.26 उरले. गरज 1.6 ची, शिल्लक 1.26 ची. हे आकडे मी समजावण्यासाठी घेतले आहेत, कोणत्याही एका इमारतीचे नाहीत, आणि प्रत्यक्षात काँक्रीट व सळई यांच्यात बरीच अनपेक्षित ताकद निघते. तरी दिशा हीच असते. भार वर्षानुवर्षे टप्प्याटप्प्याने वाढतो, ताकद हळूहळू घटते, आणि दोन्ही रेषा एकमेकींना छेदतात त्या दिवसाची वेळ कोणी पाळत बसलेले नसते. नूतनीकरणात एकदम मोठा भार चढतो, म्हणून तो छेद त्यानंतर लवकर येतो. त्यातच जुने काँक्रीट फोडताना बसणारे हादरे, जुन्या सांध्यांजवळ पाडलेली नवी भोके आणि बदललेला पाण्याचा उतार यांची भर पडते.

येथवरचे थोडक्यात असे: अशा छताला भार वाहून नेण्याचा एकच मार्ग असतो, त्या मार्गाचा कमजोर भाग नजरेआड असतो, आणि नूतनीकरण त्यावर भार टाकते पण बहुधा त्याची ताकद मोजत नाही.

याच्या उलट बाजूचे एक उदाहरण देणे आवश्यक आहे, नाहीतर मी सगळे खापर जुनेपणावर फोडतो आहे असा समज होईल. पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावरील टर्मिनल 2ई चे कवच 23 मे 2004 च्या सकाळी कोसळून चार जण मृत्युमुखी पडले. पॉल आंद्रू या नामवंत वास्तुविशारदाची ती इमारत जेमतेम वर्षभर जुनी होती. चौकशी समितीला कोणतेही एक ठळक कारण सापडले नाही. काँक्रीटच्या कवचाला राखीव ताकदच अपुरी होती, पोलादी टेकू त्यात घुसत होते, त्याला आधार देणाऱ्या आडव्या तुळया कमकुवत होत्या आणि थंडी-उष्णतेच्या फेऱ्यांनी हे सगळे वाढत गेले, असा निष्कर्ष निघाला. तिथे पडण्याआधी करकर आवाज झाला होता आणि धूळ पडली होती, पोलीस लोकांना हटवूही लागले होते. म्हणून बळी चारच राहिले. वयापेक्षा राखीव ताकद आणि दुसरा आधारमार्ग यांचा प्रश्न मोठा आहे, तो यासाठी.

आपल्याकडची उदाहरणे तुम्हांला आठवत असतील. अंधेरी स्थानकाजवळच्या गोखले पुलाचा पदपथ 3 जुलै 2018 च्या सकाळी रुळांवर पडला आणि दोन जणांचे प्राण गेले. तो पदपथ पुलाच्या कडेला ब्रॅकेटवर पुढे काढलेला होता, म्हणजे तत्त्वतः तुमच्या छतासारखाच. आणि चौकशीत गंजलेली ब्रॅकेटे आणि पदपथावर वर्षानुवर्षे चढत गेलेला केबल, वाळू व पेव्हर ब्लॉक यांचा भार ही दोन्ही कारणे एकत्र पुढे आली. वरचे गणित पुन्हा वाचलेत तर दोघांचे नाते दिसेल. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला लागून असलेला पादचारी पूल 14 मार्च 2019 च्या संध्याकाळी कोसळला, सात जण गेले. आदल्या वर्षीच्या स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये तो किरकोळ दुरुस्त्या सांगून वापरास योग्य ठरवलेला होता. बल्लारशाह स्थानकावर 27 नोव्हेंबर 2022 रोजी पादचारी पुलाच्या तळाचा भाग निखळून एका महिलेचा मृत्यू झाला. दिल्ली विमानतळाच्या टर्मिनल 1 चे दर्शनी छत 28 जून 2024 च्या पहाटे मोठ्या पावसात पडून एक टॅक्सीचालक ठार झाला. या सर्व घटनांची कारणे एकसारखी नाहीत आणि तसे भासवणे चूक होईल, पण प्रत्येक ठिकाणी पडलेला भाग मुख्य इमारतीच्या किंवा मुख्य पुलाच्या मानाने दुय्यम समजला जाणारा होता, आणि माणसे मात्र नेमकी त्याच भागाखाली किंवा त्याच भागावर होती.

शिवाजी महाराज टर्मिनसजवळच्या पुलाचे ऑडिट झाले होते, तरी तो पडला, म्हणून ऑडिट निरुपयोगी आहे असे अनेक जण म्हणतात. मला हे मान्य नाही. पण ऑडिट या नावाखाली काय केले गेले, हे विचारलेच पाहिजे. मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 353ब नुसार 30 वर्षांवरील इमारतींना स्थैर्य प्रमाणपत्र लागते, आणि त्या निमित्ताने होणारी पुष्कळ ऑडिटे छायाचित्रे, बोटाने दाखवलेल्या चिरा आणि थोड्या हॅमर टेस्ट एवढ्यावर संपतात. रिबाउंड हॅमर काँक्रीटच्या पृष्ठभागाची कठीणता सांगतो. आतल्या सळईची स्थिती त्याला कळत नाही. पुढे आलेल्या छतासाठी मी किमान पुढील गोष्टी मागतो. मूळ नकाशा मिळाला तर उत्तम, नाही मिळाला तर कव्हर मीटरने सळयांची जागा आणि अंतर शोधावे. विशेषतः मुळाशी मुख्य सळई खरोखर वरच आहे का हे पाहावे, कारण स्लॅब भरताना मजुरांच्या पायांखाली ती दबून खाली जाणे ही फार जुनी आणि फार सामान्य चूक आहे. वरचे सर्व थर ठिकठिकाणी काढून त्यांची जाडी मोजावी आणि खरा भार काढावा. मुळाशी किंवा अँकरपाशी निदान काही जागा फोडून सळईचा व्यास मोजावा. काँक्रीटच्या ताज्या तुटलेल्या पृष्ठावर फिनॉल्फथॅलीन हे रसायन लावून ते गुलाबी होते की नाही ते पाहावे. गुलाबी न झालेल्या खोलीपर्यंत काँक्रीटचा क्षारधर्म नाहीसा झालेला असतो आणि तिथल्या सळईला गंजापासून संरक्षण उरलेले नाही. अर्धसेल विभवाची चाचणी गंज चालू असण्याची शक्यता सांगते. या सगळ्यानंतर नव्याने भारगणित, आणि ते सही करणाऱ्या अभियंत्याच्या नावाने.

भार ठेवून चाचणी घ्या, असे सुचवणारे अनेक भेटतात. आपल्या काँक्रीट मानकात तशी चाचणी आहे: संपूर्ण स्थिर भार आणि वापराच्या भाराच्या सव्वापट भार 24 तास ठेवायचा, मग काढून घेतल्यावर पुढील 24 तासांत वाक निदान 75 टक्के परत आला पाहिजे. साध्या स्लॅबसाठी ती चांगली आहे. जिथे अँकर गंजल्याचा संशय आहे तिथे मात्र खाली थोडे अंतर सोडून भक्कम टेकू उभे केल्याशिवाय मी ती होऊ देत नाही, कारण गंजलेला अँकर वाकून इशारा देत नाही, तो तुटतो.

आता तुमचे स्थानक. काय काय परिस्थितीवर अवलंबून आहे ते सांगतो. छत किती पुढे आले आहे हे पहिले. दीड मीटर आणि चार मीटर यांत सुमारे सातपट फरक पडतो, कारण वाकवणारा जोर लांबीच्या वर्गाने वाढतो. कोकणात समुद्राजवळ असाल तर क्षारांमुळे गंजाचा वेग देशावरच्या कोरड्या तालुक्यापेक्षा पुष्कळ जास्त धरावा लागतो. छताच्या मागच्या बाजूला पुरेसे वजन किंवा स्लॅबची सलगता आहे का, हेही पाहावे लागते. मागची भिंत किंवा मजला नूतनीकरणात काढला असेल तर छताला मागून दाबून धरणारे वजनच गेलेले असू शकते. क्लॅडिंग छताला अडकवले आहे की वेगळ्या लोखंडी सांगाड्यावर जमिनीपासून उभे केले आहे, हा फरक तर निर्णायक आहे. सांगाडा स्वतंत्र असेल तर तुमची अर्धी चिंता तिथेच मिटते.

तुम्हांला स्वतः पाहता येण्यासारखे थोडे आहे, पण ते दुर्लक्ष करण्यासारखे नाही. रस्त्याच्या पलीकडे उभे राहून छताची पुढची कड फलाटाच्या किंवा मागच्या बीमच्या रेषेशी ताडून पाहा. ती मध्येच झुकलेली असेल तर नोंद करा. पाऊस थांबून दिवस उलटल्यावरही भिंतीलगत ओल किंवा ठिबक राहते का, तपकिरी ओघळ दिसतात का, मुळाशी पिंपळाचे रोप उगवले आहे का, नवे क्लॅडिंग काही ठिकाणी उघडे पडले आहे का, हे महिन्याच्या अंतराने एकाच जागेवरून छायाचित्रे घेऊन ठेवा. यांपैकी काही दिसले नाही म्हणून छत ठीक आहे असे मात्र समजू नका. वर सांगितल्याप्रमाणे मुख्य चीर वरच्या बाजूला असते. आणि छतावर स्वतः चढू नका.

खरी माहिती कागदांत आहे. माहिती अधिकार अधिनियम, 2005 खाली एसटीच्या विभाग नियंत्रक कार्यालयाकडे दहा रुपयांच्या शुल्कासह अर्ज करा. सुरक्षित आहे का, असा प्रश्न अर्जात विचारू नका, कारण मत मागितले तर उत्तर नाकारता येते. नेमकी कागदपत्रे मागा: छताचा मूळ नकाशा, नूतनीकरणाचे अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तकातील छताशी संबंधित नोंदी, काम सुरू होण्यापूर्वीचा स्ट्रक्चरल अहवाल, क्लॅडिंग व फलक यांच्या वजनाचा हिशेब आणि वाढीव भारासाठी केलेले भारगणित. याच अधिनियमात कामाची आणि कागदांची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा हक्कही आहे. तो जरूर मागा. उत्तरासाठी 30 दिवसांची मुदत असते, जीविताशी संबंधित माहितीसाठी 48 तासांची तरतूद आहे, पण ती लागू करून घेणे सोपे नसते, म्हणून तिच्यावर विसंबू नका. भारगणित अस्तित्वात नाही असे लेखी उत्तर आले तर तेच तुमच्या हातातले सर्वांत महत्त्वाचे कागद समजा, आणि ते जोडून विभाग नियंत्रक, एसटीची स्थापत्य शाखा आणि जिल्हाधिकाऱ्यांचे आपत्ती व्यवस्थापन कार्यालय या तिघांनाही तपासणीची मागणी लेखी द्या. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या स्थापत्य विभागाकडून तपासणी व्हावी असे सुचवले तर कंत्राटदाराच्याच सल्लागाराने स्वतःचे काम तपासण्याचा प्रकार टळतो.

तोपर्यंत त्याखाली उभे राहावे का? तपासणी होत नाही तोवर, जागा असेल तर, बसची वाट इमारतीच्या आत किंवा छताच्या रेषेपलीकडे पाहा, आणि ज्येष्ठांना व मुलांना नेमक्या त्या कडेखाली बसवू नका. छत्रीत उभे राहण्याचा त्रास आहे, पण कागद हाती येईपर्यंत मी स्वतः तेच करीन.

तुमचा शेवटचा प्रश्न, पुढच्या कडेला दोन खांब उभारण्याचा. तो विचार स्वाभाविक आहे आणि अनेक गावांत तसे केलेही जाते, परंतु हिशेबाशिवाय तो करू नये. कॅन्टिलिव्हरच्या टोकाखाली खांब आला की तो स्लॅब दोन्हीकडे टेकलेला स्लॅब होतो. ताण आता मधल्या भागात खालच्या बाजूला येतो, आणि खालच्या बाजूला पुरेशी सळई नसते, कारण मूळ आराखड्यात तिथे तिची गरजच नव्हती. खांब घट्ट ठोकून बसवला तर नव्या चिरा खाली पडतात; दोनच खांब लांब अंतरावर दिले तर त्यांच्या डोक्याशी स्लॅब भोसकला जाण्याची भीती असते; पाया नुसत्या फरसबंदीवर घेतला तर पहिल्या पावसात खांब खचतो आणि आधार नावापुरताच राहतो. तात्पुरता आधार द्यायचाच असेल तर कडेलगत आणि मध्ये अशा दोन ओळींत पोलादी टेकू, त्यांच्या डोक्यावर सलग आडवी तुळई, पायाशी भार पसरवणारी प्लेट, आणि टेकू छताला फक्त स्पर्श करतील इतकेच घट्ट, वर उचलणार नाहीत असे. कायमस्वरूपी उपाय म्हणून खांब ठेवायचे ठरले तर त्यांच्यावर स्वतंत्र पोलादी बीमची चौकट उभारून छत तिच्यावर टेकवता येते, आणि कित्येकदा वरचे जुने थर काढून टाकणे, निचरा नीट करणे आणि फलक छतावरून उतरवून जमिनीवरच्या खांबांवर नेणे एवढ्याने भार निम्म्याच्या आसपास येतो. मी असतो तर फलक आधी उतरवायला सांगितला असता; तो काढायला क्रेन आणि एक दिवस पुरतो, आणि त्यासाठी कोणत्याही चाचणीच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही.